फ्रीजमधली गाडीची किल्ली

विद्यार्थ्यांच्या शूटिंगला मदत करायची म्हटलं की वाटतं, कॅमेऱ्यामागे उभं राहायचं. कारंजा तालुक्यातल्या एका खेड्यात अशा एका लघुपटाला आम्ही तीन दिवस हातभार लावला. आमच्या वाट्याला मुख्यतः एकच काम आलं: गप्प बसणं आणि इतरांना गप्प बसवणं.

असं का, ते आधी सांगतो. कॅमेरा चित्र घेतो. आवाज बहुतेक वेळा वेगळ्या रेकॉर्डरवर घेतात. दोन्ही नंतर जुळवायचे असतात, म्हणून शॉटच्या सुरुवातीला क्लॅप वाजवतात. पाटीच्या फळ्या ज्या चौकटीत एकमेकींना भिडतात, तिथे ‘टक्’ हा आवाज आणून ठेवला की संवाद ओठांवर बरोबर बसतात.

आता अडचण अशी, की पंख्याच्या घरघरीची आपल्या कानाला सवय होते, माइकला होत नाही. एका शॉटमध्ये घरघर आणि दुसऱ्यात नाही, असं झालं तर जोड लगेच खटकतो. म्हणून पंखा बंद, मोटर बंद, फ्रीजही बंद. शेवटी सगळ्यांनी अर्धा-एक मिनिट स्तब्ध राहून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. संकलनात दोन वाक्यांमधल्या फटी तिनेच भरतात.

एप्रिल महिना होता. घर एका आजींचं. फ्रीज आम्हीच बंद केला, संध्याकाळी सामान आवरलं आणि निघालो. रात्री आजींचा फोन आला, “पोट्टेहो, फ्रीज काहून बंद हाय? माहे इंजेक्शन हायेत ना त्यात!”

इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा ४० ओलांडतो. सकाळी मेडिकल उघडताच नवीन बाटल्या नेऊन दिल्या. आजींनी चहा ठेवला, पण फ्रीजला काही हात लावू दिला नाही. उरलेला प्रसंग आम्ही घरघरीसकट घेतला.

साउंडवाल्यांची एक साधी युक्ती आम्हाला नंतर कळली. फ्रीज बंद करताना ते गाडीची किल्ली आत ठेवतात. किल्लीसाठी फ्रीज उघडावाच लागतो आणि तो सुरू करायचं आठवतं.

नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हाही विद्यार्थिदशेतलाच लघुपट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विद्यार्थ्यांकडे स्टुडिओच्या भाड्याला पैसे नसतात. त्यांचा सिनेमा लोकांच्या घरात, अंगणात, शेतात होतो. म्हणजे आपण जे बंद करतो, हलवतो, ते कुणाच्या तरी रोजच्या जगण्यातलं असतं.

तेव्हा शूटिंगला जाताना एक वही ठेवा. काय बंद केलं, काय हलवलं, कुणी केलं आणि परत जागेवर आलं का, हे लिहा. हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आणि बटण दाबण्याआधी घरच्यांना विचारा, “यात काय ठेवलंय?” आम्ही तेवढंच विचारलं नव्हतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.