टप्प्याटप्प्याने मिळणारा परवाना

नवशिक्या किशोरवयीन चालकांच्या अपघातांमागे अल्प वय आणि अल्प अनुभव अशी दोन निरनिराळी कारणे असतात. वयामुळे वेगाची ओढ आणि सोबत्यांसमोर धाडस दाखवण्याची ऊर्मी बळावते, तर अनुभव नसल्यामुळे धोका डोळ्यांना दिसूनही त्याचा अर्थ लागायला उशीर होतो. चौकात उजवीकडे वळताना सराईत चालक समोरून येणाऱ्या ट्रकचा वेग, त्याच्या आडून निघू शकणारी दुचाकी आणि रस्ता ओलांडू पाहणारा पादचारी यांचा अंदाज एकाच वेळी बांधतो. नवख्याचे लक्ष मात्र क्लच, गिअर आणि बॉनेटपुढच्या चार हात रस्त्यात अडकलेले असते. ही जाण सरावानेच येते, पण सराव रस्त्यावरच करावा लागतो आणि जिवाला धोकाही तिथेच असतो. हा पेच सोडवण्यासाठी टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत पुढे आली.

न्यूझीलंडने १९८७ मध्ये ही पद्धत देशभर लागू केली. तिच्यात तीन पायऱ्या आहेत : पहिल्या पायरीवर शेजारी अनुभवी परवानाधारक बसलेला असतानाच गाडी चालवता येते, दुसऱ्या पायरीवर एकट्याने चालवण्याची मुभा मिळते, परंतु रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत एकट्याने गाडी काढता येत नाही आणि देखरेखीशिवाय सोबत प्रवासी नेण्यावर बंधन असते, तिसऱ्या पायरीवर पूर्ण परवाना हाती येतो. अमेरिकेत फ्लोरिडाने १९९६ मध्ये अशी पद्धत स्वीकारली आणि पुढे इतर राज्यांनी आपापल्या नियमांनिशी तिचे अनुकरण केले.

प्रवाशांवरील बंधन अनेकांना अनाकलनीय वाटते, कारण सोबत कोणी असले तर चालक सावध राहील अशी सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र उलटे चित्र दिसले. १६ वर्षांच्या चालकाचा अपघाती मृत्यू होण्याचा धोका, तो एकटा असतानाच्या तुलनेत, एका प्रवाशासह ३९ टक्क्यांनी, दोघांसह ८६ टक्क्यांनी, तर तिघांसह किंवा त्याहून अधिक प्रवाशांसह १८२ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

बंधनांचा परिणाम लवकरच दिसू लागला. १९९७ मध्ये ही पद्धत आणणाऱ्या मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत १६ वर्षांच्या चालकांचे अपघात १९९९ पर्यंत अनुक्रमे सुमारे २५ आणि २३ टक्क्यांनी घटले. यातील काही घट मुले अधिक कुशल झाल्यामुळे नव्हे, तर ती कमी वेळा आणि कमी धोक्याच्या वेळी रस्त्यावर आल्यामुळे झाली असावी. शिवाय २०११ मधील एका राष्ट्रव्यापी अभ्यासाने वेगळीच बाजू उजेडात आणली : कडक नियमांच्या राज्यांत १६ वर्षांच्या चालकांचे प्राणघातक अपघात कमी असले, तरी १८ वर्षांच्या चालकांचे काहीसे वाढलेले होते. वयाची अट संपेपर्यंत थांबून मग थेट पूर्ण परवाना घेणारी मुले अनुभवाची शिदोरी न घेताच रस्त्यावर येत असावीत, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण मानले जाते. न्यू जर्सीने मात्र या अभ्यासाआधीच २१ वर्षांखालील नवशिक्यांनाही टप्प्यांत आणले होते आणि पोलिसांना ते ओळखता यावेत यासाठी २०१० पासून नंबरप्लेटवर लाल खूणपट्टी बंधनकारक केली होती.

भारतातील मोटार वाहन कायदा, १९८८ हा प्रामुख्याने वयाच्या रेषेवर भर देतो. मोटारीसाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. त्यात उत्तीर्ण झालेल्यास खासगी मोटार भररात्री, मित्रांनी भरून, महामार्गावर नेण्यास परवान्याची कोणतीही आडकाठी नसते. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद केली. त्या रेषेअलीकडची जरब यामुळे वाढली, तरी रेषा ओलांडल्यानंतरचे पहिले काही महिने मोकळेच राहिले. परदेशांतील अनुभव पाहता बंधने वाढदिवसाशी नव्हे, तर नवखेपणाशी जोडली गेली, तरच या महिन्यांतील धोक्याला आळा बसू शकेल.