घामाला आगळ

आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढायचा आणि वर पोचलं की ताक प्यायचं, हा आमच्या घोळक्याचा रविवारचा नेम गेली अठरा वर्षं चालू आहे. एका मे महिन्यात मी एकाच दिवसात गड दोनदा चढलो-उतरलो. पाठीवर चार लिटर पाणी होतं, ते सगळं संपवलं. तरी दुसऱ्या चढाला पोटऱ्यांत गोळे आले, मळमळायला लागलं आणि पोटात पाणी नुसतं डचमळत राहिलं. वर मडकी मांडून बसलेल्या मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं, ताकात जास्तीचं चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणाल्या, "हे घ्या आधी. पाणी पुरे झालं आता."

अर्ध्या तासात मी माणसात आलो. अंगातला शर्ट वाळला तेव्हा त्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. मावशींना ते माझ्याआधी दिसले असणार. व्यायाम करताना पाण्याखेरीज काय प्यावं, हा प्रश्न त्या दिवसापासून माझी पाठ सोडत नाही.

हिशेब तसा साधा आहे. एक लिटर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे जवळपास अर्धा चमचा मीठ. कुणाचं कमी जातं, कुणाचं दुप्पट. ते भरून न काढता पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम गरजेपेक्षा खाली आलेलं होतं. शर्यतीत ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं, म्हणजेच ज्यांनी गरजेपेक्षा जास्त पिऊन घेतलं, त्यांना हा धोका सर्वाधिक होता. तासाभराच्या आतला व्यायाम असेल तर साधं पाणी पुरतं, उगाच काही कालवत बसू नये. पण दोन-तीन तास धावणं, सायकल किंवा भर उन्हातला गड असेल, तर बाटलीत मीठ हवं आणि त्याच्या जोडीला थोडी साखरही हवी.

साखर कशाला, तर त्याचं कारण आतड्यात आहे. सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांचा हात धरून आतड्याच्या भिंतीतून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागोमाग ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६०मध्ये ही जोडी मांडली. १९६५मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या फुटबॉल संघासाठी गेटोरेड हे मीठ-साखरेचं पेय बनवलं. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी देऊन कॉलराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३मध्ये, मरणोत्तर. इतक्या उशिरा मिळालं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता आपल्याकडची पेयं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम मात्र बेताचं, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. म्हणून शहाळ्यात चिमूटभर मीठ घालावं. उसाचा रस व्यायामानंतर उत्तम, पण धावताना नको. त्यात शंभर भागांत बारा-पंधरा भाग साखर असते आणि एवढं गोड पाणी पोटातून लवकर पुढे सरकत नाही. खेळाडूंसाठीच्या पेयांत साखर सहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात, ती याचसाठी. कैरीचं पन्हं दुप्पट पाण्याने पातळ केलं तर चालतं. ताक मीठ घालून झकास, पण धावताना ते पोटात घुसळतं. ते गडावर टेकल्यावरच प्यावं.

या सगळ्यांत माझं मन बसलं ते कोकमावर, आणि त्यातही आगळावर.

दुकानात मिळणारं अमृत कोकम म्हणजे रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली साखरेत मुरवून केलेला पाक. तो गोड असतो. आगळाची गोष्ट वेगळी. कुडाळजवळच्या एका घरी मी मेअखेरीस मुद्दाम चार दिवस जाऊन राहिलो. पडवीत रातांब्यांची रास होती, जांभळटलाल. आजी एकेक फळ अंगठ्याने फोडत, बिया गरासकट एका बाजूला काढत आणि साली बरणीत टाकत. सालींचा एक थर, त्यावर खडेमीठ, पुन्हा साली. रोज सकाळी लाकडी पळीने बरणी ढवळायची. आठवड्याभरात सालींना सुटलेला गडद रस गाळला की झालं आगळ. विस्तव नाही, साखर नाही. मी विचारलं, मीठ एवढं का? आजी म्हणाल्या, "मीठ कमी पडला तर आगळ टिकणा नाय."

मी पळी चाटून बघितली. आंबट, खारट, कानशिलं झिणझिणवणारं. टिकवण्यासाठी घातलेलं तेच मीठ माझ्या बाटलीला हवं होतं!

त्या चार दिवसांत मी रातांब्याचाही नाद लावून घेतला. हे झाड मँगोस्टीनचं भावंड. नर आणि मादी झाडं वेगळी, आणि बी लावलं तर कोणतं निघालं हे कळायला फुलोऱ्यापर्यंत वर्षानुवर्षं वाट पाहायची. म्हणून लोक कलमं लावतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही त्यातली एक ओळखीची जात. एकदा पाऊस लागला की फळं भिजून नासतात, सालींना ऊन मिळत नाही, म्हणून मे संपेपर्यंत घरात कुणाला फुरसत नसते. बियाही वाया जात नाहीत. त्यांच्यातून निघालेल्या तेलाचे मुठीने वळलेले गोळे टाचांच्या भेगांना लावतात. गोव्यात हेच फळ भिरंड आणि तेल भिरंडेल. धावून सोललेल्या माझ्या टाचांवर आता तेच असतं.

माझं प्रमाण असं: एक लिटर पाणी, दोन ते तीन चहाचे चमचे आगळ, आठ सपाट चमचे साखर. आगळातलं मीठ घरोघरी वेगळं, म्हणून आधी घोट घेऊन बघावं. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर पाणी वाढवावं. किती प्यायचं हे ज्याच्या त्याच्या घामावर. तासभर पळण्याआधी आणि नंतर वजन करा. मध्ये काही न पिता किलोभर घटलं असेल तर साधारण लिटरभर घाम गेला. वजन वाढलं असेल तर पिणं जास्त झालं. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

यंदाचं आगळ बरणीच्या तळाशी चार बोटं उरलं आहे. जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनला पेडर रोडचा चढ लागेल, तिथपर्यंत ते पुरवायचं आहे.