नदीकाठी येणारे आणि नदीकाठी राहणारे

(द्वितीय वर्ष कला)

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की खेड शिवापूरच्या पुढे शिवगंगेचे खोरे लागते. आमचे वरवे बुद्रुक याच खोऱ्यात आहे. शिवगंगा ही काही मोठी नदी नव्हे. उन्हाळ्यात ती डोहापुरती उरते आणि पावसाळ्यात एका रात्रीत दोन्ही काठ भरून वाहू लागते. पुढे नसरापूरजवळ बनेश्वराच्या वनातून खळाळत जाऊन ती गुंजवणीला मिळते, आणि गुंजवणी नीरेला.

बनेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधले. तेथील घंटेवर १६८३ हे साल कोरलेले आहे. वसईच्या मोहिमेनंतर ती इकडे आणली असे सांगतात. पूर्वी येथे माणसे देवासाठी येत आणि नदी वाटेत लागे. आता पुष्कळजण नदीसाठी येतात आणि देव वाटेत लागतो. यात वाईट काही नाही. शहरात आठवडाभर राबलेल्या माणसाला वाहते पाणी पाहावेसे वाटले तर त्याला दोष कसा द्यावा? परंतु पावसाळ्यातील एका रविवारी नदीवर किती माणसांनी यावे, कोठपर्यंत जावे, गाड्या कोठे लावाव्यात आणि हे सगळे कोणी ठरवावे, हा प्रश्न भोर तालुक्यात आणि शेजारच्या वेल्हे (आता राजगड) तालुक्यात दरवर्षी उभा राहतो. त्याचे उत्तर आजवर बहुधा एकाच पद्धतीने मिळाले आहे. आधी अपघात होतो आणि मागाहून आदेश निघतो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १ जुलैला, देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सर्वांच्या तोंडी असलेले जुने १४४ कलम जाऊन त्याच्या जागी १६३ कलम आले. या कलमाखाली पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यातील पर्यटनस्थळांसाठी जुलै महिन्यापुरता मनाई आदेश काढला. खोल आणि वाहत्या पाण्यात उतरू नये, धोक्याच्या जागी सेल्फी काढू नये, मद्यपान करू नये, कचरा टाकू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत, असे त्याचे स्वरूप होते. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. तो पूल मुळात गावकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी होता, उभे राहून पूर पाहण्यासाठी नव्हता.

मनाई आदेश चुकीचा असतो असे मला म्हणायचे नाही. माणसे मरत असताना कोणाला विचारत बसायला वेळ नसतो. म्हणून तर १६३ कलमात, तातडीच्या प्रसंगी समोरच्याला नोटीस न देता एकतर्फी आदेश काढण्याची मुभा आहे. परंतु त्याच कलमात पुढे काय आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही. शिवाय ज्याला त्या आदेशाचा त्रास होतो, तो तो रद्द करावा किंवा त्यात बदल करावा, असा अर्ज करू शकतो. असा अर्ज आल्यावर दंडाधिकाऱ्याने त्याला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची लवकर संधी द्यायची असते, आणि अर्ज फेटाळला तर कारणे लिहून ठेवायची असतात. म्हणजे कायद्याने लोकांचे तोंड बांधलेले नाही, फक्त बोलण्याची पाळी शेवटी ठेवली आहे. भाजलेल्या कणसांची गाडी लावणारा माणूस वकील गाठून अर्ज देईपर्यंत पावसाळाच संपलेला असतो, ही गोष्ट निराळी.

दुसरी अडचण अशी की महिन्या-दोन महिन्यांचा आदेश नदीचे वर्षाचे वेळापत्रक जाणत नाही. मे २०२२ मध्ये आमच्याच तालुक्यात भाटघर धरणाच्या जलाशयात पाच तरुण स्त्रिया बुडाल्या. तेव्हा ऐन उन्हाळा होता, ना पूर होता ना पावसाळी गर्दी. संथ दिसणारे पाणी कोठे एकदम खोल होते, हे काठावर राहणाऱ्याला माहीत असते. कोणता कातळ शेवाळाने निसरडा होतो, कोणत्या डोहात भोवरा धरतो, वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी कसे चढते, हे गुराखी आणि धुणे धुणाऱ्या बायका चांगले सांगतील. हे ज्ञान कोणत्याही कचेरीतल्या कागदावर नाही, आणि विचारल्यावाचून ते कागदावर येणारही नाही.

अर्थात गावकऱ्यांना विचारले म्हणजे एकमुखी उत्तर मिळेल, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. गावाचे एक मत कधीच नसते. रस्त्याकडेला चहा-भज्याचे दुकान असलेल्याला रविवार म्हणजे आठवड्याची कमाई. त्याच्या मागच्या मळीत ज्याचे भात आहे, त्याचे बांध त्याच रविवारी तुडवले जातात. लावणीच्या चिखलात फुटकी बाटली डोळ्यांना दिसत नाही, ती पायालाच कळते. आमच्या आळीतल्या बायका पावसाळ्यात शनिवार-रविवारी नदीवर जात नाहीत, धुणे शुक्रवारीच उरकून घेतात. याबद्दल कोणी तक्रार केली नाही, कोणी कोठे नोंद केली नाही. नदी दोन दिवसांपुरती त्यांच्या हातून गेली, एवढेच. पर्यटनाचा हिशेब मांडताना हा खर्च कोणत्या रकान्यात घालतात, हे मला तरी समजलेले नाही.

आता बाहेर काय आहे ते पाहू. अमेरिकेत २ ऑक्टोबर १९६८ रोजी जंगली आणि निसर्गरम्य नद्यांसंबंधीचा कायदा झाला आणि आरंभी आठ नद्या त्यात घेतल्या. अशा नदीसाठी व्यवस्थापनाचा आराखडा करावा लागतो. नदी किती माणसे सोसू शकेल ते त्यात सांगावे लागते, आणि तो करताना लोकांशी विचारविनिमय करावा लागतो. योसेमिटी खोऱ्यातील मर्सेड नदी १९८७ मध्ये या यादीत आली. तिच्या आराखड्यात माणसांची मर्यादा नीट सांगितलेली नाही, म्हणून तेथील नागरिक न्यायालयात गेले. २००८ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले, आणि लोकांच्या हजारो सूचना घेऊन नवा आराखडा पुरा व्हायला २०१४ साल उजाडले. इतका वेळ लागला हे पाहून कोणी नाक मुरडील. पण मर्यादा किती असावी यावर भांडता आले, कारण मर्यादा सांगितलीच पाहिजे असे कायद्यात लिहिलेले होते.

आपल्याकडे नद्यांसाठी असा कायदा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे नदी-नाल्यांची पात्रे शासनाची. काठावर वन असेल तर वनविभाग येतो, धरण असेल तर जलसंपदा विभाग, बंदोबस्ताला पोलीस आणि कचरा उचलायला ग्रामपंचायत. नदी एक आणि धनी अनेक, अशी ही स्थिती आहे.

तरीही चांगली उदाहरणे फार दूर नाहीत. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. ती नदी नव्हे, पण प्रश्न तोच होता. तेथे वनविभाग आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी मिळून फुलांच्या हंगामात शुल्क ठेवले, आगाऊ नोंदणी सुरू केली आणि दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली. गावातील तरुणांना राखणीचे काम मिळाले. माणसे आवरण्यासाठी तेथे जाळीचे कुंपणही घातले होते. त्यामुळे गुरांचे चरणे थांबले, उंच गवत माजले आणि फुलांना अडचण होऊ लागली, अशी तक्रार झाली. पुढे ते कुंपण काढावे लागले. गुरे चारणाऱ्याला आधी विचारले असते तर कदाचित तो जाळीचा खर्च वाचला असता.

सह्याद्री उतरून कोकणात गेले की महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथील डोहातले मासे देवीचे मानतात आणि कोणी धरीत नाही. माणसे त्यांना चुरमुरे घालतात आणि पाहून परत जातात. हा नियम कोणत्या कचेरीने केलेला नाही. भाविक असो की प्रवासी, डोहाकाठी आल्यावर तो पाळतो, कारण काठावरची माणसे तो पाळतात.

परंतु सगळीकडे देवीचा धाक पुरणार नाही, कागदावर लिहूनही द्यावे लागते. आमच्या घरात महाविद्यालयात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे घरी किंवा आळीत सरकारी कागद आला की वाचायला माझ्या हाती देतात. ३१ जुलै २०२४ रोजी केंद्र शासनाने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पुन्हा प्रसिद्ध केला. सहा राज्यांतील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र असून त्यात महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर आहे. हरकती व सूचनांसाठी साठ दिवसांची मुदत होती. मी वाचून दाखवीत होते तेव्हा चुलत्यांनी मध्येच विचारले, “बाय, हे आपल्यासाठी हाय का आपल्यावर?” मी म्हटले, “नाना, हा अजून हुकूम नाही, मसुदा आहे. आपण काय म्हणतो ते ऐकून मग ठरवायचे आहे.” त्यावर ते म्हणाले, “मग दिल्लीला कळवायचं कुणी?”

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये आपल्या अहवालात ग्रामसभांचे मत घेण्यावर भर दिला होता. तो अहवाल लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत पोचण्याआधीच त्याच्याविषयीच्या अफवा पोचल्या, आणि विरोध अहवालाला झाला की अफवांना, हे वेगळे काढणे अवघड झाले. कागद कळेल अशा भाषेत आणि वेळेवर पोचणे हे मत देण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

हरकत किंवा सूचना कशी लिहावी, हेही कोणी शिकवीत नाही. ती म्हणजे मतदान नव्हे. शंभर जणांनी “पर्यटन बंद करा” आणि शंभर जणांनी “पर्यटन वाढवा” असे लिहिले तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. जागा, महिना, घडणारी गोष्ट आणि हवा असलेला उपाय, एवढे एका अर्जात आले पाहिजे. “आषाढ-श्रावणात अमुक डोहाकडे उतरणारी पायवाट बंद ठेवावी, गाड्या गावठाणाबाहेर लावाव्यात, त्यांचे शुल्क ग्रामपंचायतीने घेऊन त्यातून दोन राखणदार नेमावेत, आणि पाणवठ्याची जागा बायकांसाठी मोकळी ठेवावी,” असे लिहिले तर त्याला हो किंवा नाही म्हणावे लागते आणि कारणही द्यावे लागते.

असा अर्ज एकट्याने करण्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव होणे अधिक वजनाचे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तिचे रूढ दिवस. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी माणसे पुरतात. तिच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी वहीतच भरते, हे सर्वांना माहीत आहे. शिवाय जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांनी करावयाची नोंदवही असायला हवी. डोह, मासे, काठची झाडे आणि धोक्याच्या जागा त्या वहीत लिहिता येतात.

या चार दिवसांपैकी नदीसाठी उपयोगाचा दिवस १ मे हाच आहे. १५ ऑगस्टला पर्यटनाचा हंगाम भरात असतो आणि तोवर मनाई आदेशही निघून गेलेला असतो. मे महिन्यात पाणी आटलेले असते, डोहांचा तळ आणि कातळ उघडे दिसतात, आणि कोठे दोर बांधावा, कोठे फलक लावावा हे पात्रात चालत जाऊन ठरवता येते. महाविद्यालयाच्या परीक्षा त्या सुमारास संपत आलेल्या असतात आणि आमच्यापैकी पुष्कळजण गावी असतात. ठरावाचा मसुदा लिहायला आणि त्याच्या प्रती तहसीलदार, वनक्षेत्रपाल व पोलीस ठाण्याला पोचवून पोच घ्यायला एक दिवस पुरतो.