छत्तीस गोलांच्या पलीकडचं आर्ब्रोथ

आर्ब्रोथ हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं जेमतेम चोवीस हजार वस्तीचं बंदर. फुटबॉलच्या जगात त्याचं नाव टिकून आहे ते एका आकड्यामुळे. 12 सप्टेंबर 1885 रोजी स्कॉटिश चषकाच्या पहिल्या फेरीत या गावाच्या क्लबने ॲबरडीनच्या बॉन ॲकॉर्ड संघाला 36-0 असं हरवलं. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हा निकाल आजही छापला जातो, आणि वाचणाऱ्याला क्लबविषयी तेवढंच कळतं. माझ्या मते हा त्या क्लबवरचा अन्याय आहे. ज्या दिवसामुळे आर्ब्रोथ प्रसिद्ध झालं, त्या दिवसात त्याच्या कर्तबगारीचा भाग सगळ्यात कमी होता. खरी कर्तबगारी नंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत आहे. आपल्या ऐपतीत राहून हा क्लब टिकला, आणि 2022 मध्ये तर देशाच्या सर्वोच्च विभागाचं दार पुन्हा वाजवून आला.

त्या दिवशी काय घडलं, ते नीट पाहू. मध्यंतराला 15-0 आणि उत्तरार्धात आणखी 21, म्हणजे सरासरी अडीच मिनिटाला एक गोल. अठरा वर्षांच्या जॉकी पेट्रीने एकट्याने तेरा मारले. गोलखांबांना तेव्हा जाळी नसे, त्यामुळे प्रत्येक गोलानंतर चेंडू लांबून आणावा लागे. आर्ब्रोथच्या गोलरक्षकाला चेंडूला हातही लावावा लागला नाही, आणि पावसात तो एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली उभा होता, असं सांगतात. पण त्याच दिवशी, त्याच स्पर्धेत, शेजारच्या डंडी शहरातल्या डंडी हार्पने ॲबरडीन रोव्हर्सला 35-0 असं धुतलं. एकाच दिवशी दोन ठिकाणी असे निकाल लागतात तेव्हा ते संघांपेक्षा काळाविषयी जास्त सांगतात. स्कॉटलंडमध्ये साखळी स्पर्धा अजून सुरू व्हायच्या होत्या, चषकाची दारं कोणालाही उघडी होती. मुरलेले संघ आणि परवा जमवलेले संघ एकाच चिठ्ठीत निघत. तेवढ्यावरून विजेत्याची थोरवी ठरत नाही.

क्लबची स्थापना 1878 ची. तेव्हा हे गाव गलबतांच्या शिडांचं कापड विणणारं आणि मासेमारीवर जगणारं होतं. इथला धुरावलेला हॅडॉक मासा ‘आर्ब्रोथ स्मोकी’ म्हणून आजही मशहूर आहे. खेळाडूंना ‘रेड लिक्टीज’ म्हणतात, ते गलबतांना बंदराची वाट दाखवणाऱ्या लाल दिव्यावरून. गेफील्ड हे मैदान तर समुद्राला चिकटूनच आहे. उधाणाच्या दिवशी लाट कुंपणाची भिंत ओलांडून खारं पाणी थेट प्रेक्षकांवर फेकते. 1921 पासून क्लब स्कॉटिश लीगमध्ये खेळतो आहे. 1935 ते 1939, पुढे 1959-60 आणि 1968-69, मग 1972 ते 1975 असे वरच्या विभागात त्याचे मोजकेच मुक्काम झाले. फेब्रुवारी 1974 मध्ये त्याने बलाढ्य रेंजर्सला त्यांच्याच आयब्रॉक्स मैदानावर 3-2 हरवलं. अल्बर्ट हेंडरसन हे एकच व्यवस्थापक 1962 पासून 1980 पर्यंत संघ सांभाळत होते. क्लब वर गेला, खाली आला, पण त्याचं दार कधी बंद पडलं नाही.

दार बंद न पडणं ही गोष्ट किरकोळ वाटत असेल, तर ग्रेटना पाहावं. इंग्लंडच्या सीमेजवळच्या या छोट्या गावाचा क्लब 2002 मध्ये लीगमध्ये आला. ब्रुक्स माइलसन या एका धनिकाच्या पैशावर त्याने सलग तीन बढत्या मिळवल्या, 2006 मध्ये चषकाची अंतिम फेरी गाठली आणि 2007 मध्ये थेट सर्वोच्च विभाग. गावातलं मैदान त्या विभागाच्या अटींत बसेना, म्हणून घरचे सामने शंभर किलोमीटरहून लांब मदरवेलला. 2008 मध्ये माइलसन आजारी पडले, पैसा थांबला आणि त्याच उन्हाळ्यात क्लब संपला. आणि हे फक्त लहानांचंच दुखणं नव्हे. कर्जापायी 2012 मध्ये रेंजर्सच्या जुन्या कंपनीचंही दिवाळं निघालं, आणि संघाला चौथ्या स्तरापासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

यावर कोणी म्हणेल, की हे अंथरूण पाहून पाय पसरणं म्हणजे महत्त्वाकांक्षेचा अभाव. 2021-22 चा हंगाम या आक्षेपाला पुरेसं उत्तर देतो. मार्च 2016 मध्ये डिक कँपबेल व्यवस्थापक म्हणून आले तेव्हा संघ चौथ्या स्तरावर होता. 2017 मध्ये तो स्तर जिंकला, 2019 मध्ये तिसरा. खेळाडू अर्धवेळच राहिले. दिवसा नोकरी, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव. एक लाडका विंगर तर कचरा गोळा करण्याच्या कामावर होता. अशा संघाने पूर्णवेळ व्यावसायिकांच्या दुसऱ्या विभागात 65 गुण मिळवून दुसरा क्रमांक घेतला. विजेत्या किल्मारनॉकचे गुण होते 67. त्या दोघांच्या एप्रिलमधल्या सामन्यात आर्ब्रोथ आघाडीवर होतं. शेवटच्या दहा-बारा मिनिटांत दोन गोल बसले आणि विजेतेपद गेलं. पुढे बढतीच्या प्ले-ऑफमध्ये इनव्हर्नेसविरुद्ध दोन्ही सामने गोलशून्य राहिले, प्रतिस्पर्ध्यांचे नऊच खेळाडू मैदानावर उरले, तरीही पेनल्टींवर हार झाली. इतक्या जवळून हुकलेली संधी विसरायला गावाला किती वर्षं लागतील कोण जाणे.

आणखी एक शंका गेफील्डच्या वाऱ्याची. पाहुण्यांना तो झेपत नाही, म्हणून यजमान जिंकतात म्हणे. पण मध्यंतराला बाजू बदलतात, वारा दोघांच्याही वाट्याला येतो. शिवाय निम्मे सामने परगावी होतात. केवळ घरच्या वाऱ्यावर दुसरा क्रमांक मिळत नाही. अधिक वजनदार आक्षेप वेगळा आहे. त्या संघातले बरेच जण आर्ब्रोथचे रहिवासी नव्हते, आणि जोएल नूबलसारखे काही पूर्णवेळ क्लबांकडून उसने आणलेले होते. मग यात गावाचं काय? हा मुद्दा मला मान्य आहे. निव्वळ गावच्या पोरांचा संघ ही कल्पना आर्ब्रोथवर लादू नये. उसने खेळाडू घेण्याची मुभा मात्र विभागातल्या प्रत्येक क्लबाला होती. संघ कोणाच्या पायांनी खेळतो यापेक्षा कोणाच्या ऐपतीवर उभा राहतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. ग्रेटनाचा हिशेब एका माणसाच्या तब्येतीवर अवलंबून होता, आर्ब्रोथचा नव्हता.

या हिशेबाची परीक्षा लगेचच झाली. नोव्हेंबर 2023 मध्ये कँपबेल गेले आणि 2024 मध्ये संघ तळाला राहून तिसऱ्या विभागात घसरला. मोठ्या पगारांचं ओझं घेतलेल्या क्लबांची अशा वेळी वाताहत होते. आर्ब्रोथने मात्र पुढच्याच हंगामात कॉलिन हॅमिल्टन आणि डेव्हिड गोल्ड या आपल्याच दोन खेळाडूंकडे व्यवस्थापकपद सोपवलं, आणि 2024-25 मध्ये तो विभाग जिंकून संघ पुन्हा वर आला.