हिरव्या पटलाची जबानी

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील अणदूर गावी खंडोबाचा भंडारा ज्याच्या सदऱ्यावर एकदा तरी उधळला गेला आहे, त्याला तो पिवळा डाग साबण लागताच लाल होतो हे सांगावे लागत नाही. आम्ल-अल्कलीच्या स्पर्शाने रंग बदलणाऱ्या याच गोतातील एक बहुवारिक म्हणजे पॉलिअ‍ॅनिलीन, परंतु रंगाबरोबर त्याची वीज वाहण्याची वृत्तीही पालटते, हे त्याचे वैशिष्ट्य.

१८६२ साली लेथबी या इंग्रज रसायनज्ञाला ॲनिलीनच्या द्रावणात धनाग्रावर या बहुवारिकाचा गडद थर आढळला होता. तथापि हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा यांनी १९७७ मध्ये आयोडीनच्या संस्काराने पॉलिॲसिटिलीन विद्युत्‌वाहक करून दाखविल्यावरच वीज वाहणाऱ्या बहुवारिकांच्या या कुळाला प्रतिष्ठा लाभली आणि २००० साली त्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. अणदूरचे जवाहर महाविद्यालय ज्याच्याशी संलग्न आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही अशा बहुवारिकांपासून वायुसंवेदक घडविण्याचे संशोधन झाले आहे.

पॉलिॲनिलीनचे पातळ पटल घडविण्याची कृती दिसायला साधी. बर्फात ठेवलेल्या चंचुपात्रात ॲनिलीन व हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन, त्यात स्वच्छ धुतलेली काचपट्टी उभी सोडून, अमोनियम परसल्फेटचे द्रावण थेंबाथेंबाने घातले की काही वेळ काहीच घडत नाही. मग निळसर झाक येते, ती गडद होते आणि अखेर काचेवर पाचूसारखा हिरवा पापुद्रा धरतो. अमोनियाची वाफ लागताच तो निळा पडून वीज नाकारतो, आम्लाची वाफ मिळताच पूर्वपदावर येतो.

वाफेपुरते हे सोपे; उजेडानेही या पटलाची वाहकता वाढते का, ही प्रकाशाची कसोटी मात्र खरी. पटलावर चांदीच्या लेपाच्या दोन रेघा ओढून, काळ्या पेटीत ठेवून दिवा लावला असता प्रवाह वाढला, म्हणून लगेच प्रकाशाच्या बाजूने फैसला देणे उतावीळपणाचे ठरेल. कारण दिवा उजेडाबरोबर उष्णताही देतो, आणि उष्णतेनेही असल्या पटलाची वाहकता बहुधा वाढते. म्हणून जाणता प्रयोगकर्ता मध्ये पाण्याचे काचपात्र ठेवून उष्ण किरण अडवितो, तापमान टिपतो, आणि हवेतील ओलाव्याचीही दखल घेतो, कारण वैशाखातील पटल श्रावणात तीच जबानी देईल याची हमी नाही.

एवढा बंदोबस्त करूनही वहीतील पहिली नोंद दिवा लावण्यापूर्वीच, अंधारातील प्रवाहाची करावी लागते. ती वजा केल्याखेरीज प्रकाशाच्या खाती काय जमा झाले, याचा हिशेब लागत नाही.