जेवणघरात वळलेली चाकं

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावात एक भलंमोठं हॉटेल रिकामं पडलं. ॲटलांटिक हाउस त्याचं नाव. बेलव्ह्यू ॲव्हेन्यू आणि पेलम स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर, टूरो पार्कसमोर ते उभं होतं. त्या बागेत दगडी खांबांवरचा एक गोल, बिनछपराचा मनोरा आहे. तो वायकिंगांनी बांधला असं मानणारे हौशी लोक तेव्हाही होते, आजही आहेत. ती सतराव्या शतकातली पवनचक्की आहे हे सांगून पुरातत्त्ववाले मात्र थकलेत. हॉटेलात युद्धाच्या काळात पाहुणे नव्हतेच. ॲनापोलिस ज्या मेरिलँड राज्यात आहे ते कोणत्या बाजूला झुकेल याचा भरवसा नव्हता, म्हणून सरकारने तिथली नाविक अकादमी १८६१ मध्ये उचलून न्यूपोर्टला आणली होती. हवा खायला येणाऱ्या श्रीमंतांच्या खोल्यांत उद्याचे नौदल अधिकारी धडे गिरवत होते. युद्ध संपलं, पोरं परत गेली. पुढच्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कचा एक फर्निचरवाला आला, त्याने हॉटेल भाड्याने घेतलं, जेवणघरातली टेबलं-खुर्च्या हलवली आणि त्या मोकळ्या लाकडी जमिनीवर माणसांना चाकांवर सोडलं.

या माणसाचं नाव जेम्स लेनर्ड प्लिम्प्टन. अमेरिकेतली लोकांसाठी उघडलेली पहिली रोलर स्केटिंग रिंक म्हणून इतिहासात नोंद होते ती या जेवणघराची. न्यूपोर्टची वस्ती तेव्हा बारा हजारांच्या आसपास. आज ना ती रिंक आहे, ना ते हॉटेल. पण त्या उन्हाळ्यात तिथे घडलेली गोष्ट आधी शंभर वर्षं कुणालाच जमली नव्हती: चार भिंतींच्या आत, चाकांवर उभं राहून, माणसं गोल वळत होती.

वळण्यात एवढं काय, असं वाटेल. तर जरा मागे जाऊ.

बुटाला चाकं लावायची कल्पना अठराव्या शतकातली. लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक यंत्रकारागीर होता, मूळचा आजच्या बेल्जियममधल्या ह्यू गावचा. माणूस साधासुधा नव्हता. इंग्लंडच्या बोज म्युझियममध्ये चांदीचा एक यांत्रिक हंस आहे. मान वळवतो, पिसं साफ करतो, पाण्यातला मासा टिपतो. त्याच्या घडणीत मर्लिनचा हात होता. असा हा मर्लिन सोहोतल्या कार्लाइल हाउसमधल्या एका मुखवट्यांच्या मेजवानीत चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत शिरला. पुढचं सगळ्यांना ठाऊक असलेलं आख्यान असं, की त्याला थांबताही येईना आणि वळताही येईना. तो समोरच्या पाचशे पौंडांहून महाग आरशावर जाऊन आदळला. आरसा फुटला, व्हायोलिन मोडलं, मर्लिनला चांगलंच लागलं. गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलेलं असेलही, पण तिच्यातलं यंत्रशास्त्र तंतोतंत खरं आहे. ज्याने हंसाला मान वळवायला शिकवली, त्याला स्वतःच्या पायांना वळवता आलं नाही.

मर्लिननंतरच्या लोकांनीही तीच ठेच खाल्ली. १८१९ मध्ये पेतिब्लेद या फ्रेंच माणसाने एका ओळीत तीन चाकं असलेल्या बुटाचं पेटंट घेतलं. १८२३ मध्ये लंडनच्या रॉबर्ट जॉन टायर्सने पाच चाकांचा ‘रोलिटो’ काढला. १८४९ मध्ये मायरबेअरच्या ‘ल प्रोफेत’ या ऑपेरात बर्फावरच्या स्केटिंगचा देखावा होता आणि पॅरिसच्या रंगमंचावर नर्तकांनी तो चाकांवर साकारला. टाळ्या पडल्या. पण चाकांचे आस तळाला घट्ट ठोकलेले असले, की बूट सरळ रेषेचा गुलाम होतो. वळायचं तर पाय उचलून ठेवा, नाहीतर चाकं फरफटवा. अशा बुटांसाठी लांब रस्ता हवा. खोली त्यांच्या कामाची नाही, कारण खोलीला चौथी भिंत असते.

प्लिम्प्टन डॉक्टरांच्या सल्ल्याने बर्फावर स्केटिंग करू लागला होता आणि त्याला त्याचं वेड लागलं. बर्फावरच्या स्केटिंगचा सगळा डौल बाकांमध्ये असतो: एका कडेवर कलायचं, सुंदर कमान काढायची, दुसऱ्या कडेवर कलून उलटी कमान. उन्हाळा आला की बर्फ जाणार, कमानी जाणार. तेव्हा त्याने बर्फाची कड चाकांत कशी आणायची याचा विचार केला आणि ६ जानेवारी १८६३ रोजी पेटंट घेतलं.

त्याची युक्ती इतकी सोपी आहे, की आधी कुणाला सुचली नाही याचंच आश्चर्य वाटतं. पावलाखाली चार चाकं, दोन पुढे, दोन मागे. म्हणजे दोन आस. हे आस तळपट्टीला घट्ट न जोडता त्याने ते तिरक्या खिळीवर बसवले आणि मध्ये रबराची उशी दिली. सगळी जादू त्या तिरकेपणात आहे. खीळ सरळ उभी असती तर तळपट्टी कितीही कलली तरी आस फिरला नसता. ती पावलाच्या लांबीत आडवी असती तर तळपट्टी नुसतीच कलली असती आणि चाकं सरळ पळत राहिली असती. खीळ तिरकी असली, की पाय कलताक्षणी आसाला फिरावंच लागतं.

त्यात आणखी गंमत म्हणजे पुढची खीळ आणि मागची खीळ एकमेकींच्या उलट तिरक्या. डावीकडे कललं की पुढचा आस डावीकडे वळतो आणि मागचा उजवीकडे. दोन्ही आसांची डावी टोकं जवळ येतात, उजवी लांब जातात. आता मनातल्या मनात त्या दोन आसांच्या रेषा डाव्या हाताला लांबवत न्या. कुठेतरी त्या एकमेकींना छेदतील. तो बिंदू म्हणजे तुम्ही ज्या वर्तुळावर धावताय त्याचा मध्य. आसांमधलं अंतर १५ सेंटीमीटर धरा आणि प्रत्येक आस फक्त १ अंश फिरला असं समजा; वर्तुळाची त्रिज्या येते सुमारे ४.३ मीटर. जेवणघरात आरामात मावणारं वर्तुळ! एका अंशात. डोळ्यांना तो दिसणारही नाही.

मला सगळ्यात जास्त थक्क करते ती याच्या पुढची पायरी. धावता माणूस वळताना आत झुकतो, कारण न झुकला तर बाहेर फेकला जाईल. त्या ४.३ मीटरच्या वर्तुळावर ताशी १४ किलोमीटरने जाणाऱ्याला तोल राखायला जवळजवळ २० अंश आत कलावं लागतं. हे कलणं शरीर आपसूक करतं, दोन वर्षांचं पोरही पळताना करतं. प्लिम्प्टनने सुकाणू बसवलं ते नेमकं याच कलण्याला. पडू नये म्हणून शरीर जे करतं तीच वळण्याची आज्ञा झाली. हातात काही धरायला नको, पायाला शिकवायला नको. कल संपला की रबर तळपट्टीला पुन्हा सरळ करतं आणि रेष सरळ होते. प्रवासाचं दुसरं कोणतंही यंत्र माणसाच्या भीतीचा इतका चांगला उपयोग करून घेत असेल असं वाटत नाही.

माणसाला वळता आलं आणि मग खोलीला अर्थ आला. न्यूपोर्टचं जेवणघर हा त्या खिळीचाच पुढचा भाग म्हणायला हवा.

प्लिम्प्टनची हिशोबाची बाजूही पक्की होती. तो स्केट विकत नसे, भाड्याने देत असे. रिंक चालवणाऱ्यांनाही ते परवान्यावरच मिळत. कोण येणार यावर त्याची नजर असे. सुशिक्षित, घरंदाज स्त्री-पुरुषांनी एकत्र येऊन करायचा शिष्टसंमत व्यायाम, अशी त्याची कल्पना. न्यूपोर्ट हे अमेरिकेतल्या धनिकांचं उन्हाळी गाव, तेव्हा जागा त्याने विचार करूनच निवडली असणार. नक्कल करणाऱ्यांना त्याने कोर्टात खेचलं. इंग्लंडमधला १८७६ चा प्लिम्प्टन विरुद्ध माल्कमसन हा खटला तिथल्या पेटंट कायद्याच्या अभ्यासकांना ठाऊक असतो. तो जिंकलाही. पण अमेरिकेतल्या पेटंटचं आयुष्य तेव्हा १७ वर्षांचं. १८६३ मध्ये १७ मिळवा: १८८०.

बांध फुटला तो तेव्हा. इंडियाना राज्यातल्या रिचमंड या लहानशा गावात मिकाया हेन्लीने स्केटचा कारखाना जोरात चालवला आणि गावोगावी रिंका उभ्या राहिल्या. १८८४ मध्ये लेव्हंट रिचर्डसनने चाकांत पोलादी गोळ्यांचं बेअरिंग बसवण्याचं पेटंट घेतलं आणि चाकं हलकी फिरू लागली. जमिनीसाठी मेपलचं लाकूड लोकांच्या पसंतीस उतरलं: कठीण, बारीक रेषेचं, लवकर कुसं न निघणारं. हौशी मालक कोपऱ्यांत फळ्या वळणाच्या दिशेने बसवून घेत, म्हणजे चाक फळीच्या बाजूने जावं, आडवं कापत जाऊ नये. लाकडावर लाकडी चाकांचा गडगडाट असा, की बॅंडला जोर लावूनच वाजवावं लागे.

आणि न्यूपोर्ट? १८८० मध्येच बेलव्ह्यू ॲव्हेन्यूवर न्यूपोर्ट कसिनो हा क्लब उघडला आणि पुढच्या वर्षी तिथल्या हिरवळीवर अमेरिकेची पहिली राष्ट्रीय लॉन टेनिस स्पर्धा झाली. चाकं रिचमंडच्या पोरांच्या पायांत आली तेव्हा बड्या लोकांनी हाती रॅकेट घेतली. ॲटलांटिक हाउस त्याआधीच पाडलं गेलं होतं. आज त्या कोपऱ्यावर एल्क्स या मंडळाची वास्तू आहे.

‘लोकांसाठी’ या शब्दाचा हिशोब मात्र अमेरिकेत बराच काळ चुकता व्हायचा होता. प्लिम्प्टनला नको असलेला गरीब आत आला. काळ्या माणसाला पुढची कितीतरी दशकं अनेक रिंकांचे दरवाजे बंदच होते, किंवा आठवड्यातला एखादा वार नेमून दिलेला असे. १९४६ मध्ये शिकागोच्या व्हाइट सिटी रिंकसमोर यावरून निदर्शनं झाली. १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टन मोर्चासाठी लेजर स्मिथ नावाचा गडी शिकागोहून सुमारे ११०० किलोमीटर स्केटिंग करत गेला. त्याच्या पायाखाली चाकं होती याला त्या इतिहासामुळे वेगळंच वजन येतं.

गावोगावच्या त्या रिंका बहुतेक टिकल्या नाहीत. लाट ओसरली की कुणाचं नाटकगृह झालं, कुणाची वखार, कुणाचं मोटार गॅरेज. मधे खांब नसलेला रुंद हॉल कुणालाही उपयोगी पडतो. त्यांची कुळकथा सांगण्यात मला फारसा रस नाही, सगळ्यांची एकाच वळणाची असते. रस आहे तो खिळीच्या पुढच्या प्रवासात.

१९७० च्या सुमारास फ्रॅंक नॅसवर्दी नावाचा तरुण व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल या छोट्या गावी एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात गेला. तिथे रिंकच्या भाड्याच्या स्केटसाठी पॉलियुरेथेनची चाकं बनत. ती पकड चांगली देत पण वेग कमी, म्हणून सराईत स्केटर त्यांना नाकं मुरडत. नॅसवर्दीने ती आपल्या स्केटबोर्डला बसवून पाहिली. रस्त्यावर हीच पकड सोन्यासारखी ठरली आणि पुढे कॅलिफोर्नियात ‘कॅडिलॅक व्हील्स’ नावाने ती खपू लागली. स्केटबोर्डला चाक असं रिंकमधून मिळालं. फळीखालचा सांगाडा तर आधीपासून रिंकचाच होता: तिरकी खीळ, रबर, कललं की वळणारा आस. २०२१ मध्ये टोकियोत स्केटबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा प्रत्येक खेळाडूच्या फळीखाली प्लिम्प्टनचीच भूमिती होती.

आपल्याकडे मोठ्या शर्यती आता एका ओळीतल्या चाकांवर होतात. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत ३००० मीटर रिलेत भारतीय पुरुषांनी कांस्यपदक मिळवलं, त्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे हे दोघे होते. पण सोसायटीच्या आवारात शिकणारी पोरं अजूनही बऱ्याचदा चार चाकांच्या ‘क्वाड’वर उभी असतात आणि आपल्या स्पर्धांत क्वाडचा गट वेगळा असतो. अशी एखादी जोडी घरात असेल तर उलटी करून पाहा. रबराच्या उशीवर एक नट दिसेल. तो थोडा सैल केला की स्केट जराशा कलानेही वळतो, आणि नवशिक्याचे पाय लटपटतात. कसला तर पाय स्थिर राहतात, पण वळायला अंगाचा जोर लागतो. शिकवणारे सर मुलाचं वजन पाहून पान्याने तो नट कमीजास्त करतात, आणि मूल जड होत गेलं की पुन्हा कसावा लागतो.