जुन्या बोटीचा जनरेटर बदलताना

बोट धक्क्याला बांधलेली असते तोवर तिला किनाऱ्यावरून वीज घेता येते. दोर सुटला की एसी, फ्रिज, पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्जर यांचा सगळा भार बोटीवरच्या जनरेटरवर येतो. सहलीच्या खासगी बोटींवर तो बहुधा मुख्य इंजिनाशेजारी, फळ्यांखालच्या दमट, अंधाऱ्या कप्प्यात बसवलेला असतो. नीट राखलेले फायबरचे कवच तीस-चाळीस वर्षे टिकते. जनरेटर तेवढा टिकत नाही. म्हणून जुनी बोट बाळगणाऱ्याला तो कधी ना कधी बदलावा लागतोच.

नवी मुंबईच्या पाण्यात ही वेळ लवकर येते. ठाणे आणि पनवेल खाड्यांचे पाणी गाळाचे आहे. मोठ्या उधाणाला भरती साडेचार मीटरच्या वर जाते, सहा तासांत पाणी पुन्हा उतरते आणि तळाचा गाळ सतत ढवळत राहतो. बेलापूर किंवा नेरूळच्या जेट्टीवर उभ्या बोटीचा जनरेटर थंड राहण्यासाठी हेच पाणी आत ओढतो. रबरी पात्यांचा इम्पेलर ते पाणी हीट एक्स्चेंजरमध्ये ढकलतो. तिथे इंजिनातल्या कूलंटची उष्णता ते घेते आणि शेवटी धुराच्या वाकड्या नळीत, म्हणजे एल्बोमध्ये, धुरात मिसळून बोटीबाहेर पडते.

जुना जनरेटर उघडला की या पाण्याने काय केले ते समोर येते. इम्पेलरची दोन-तीन पाती तुटलेली असतात आणि त्यांचे तुकडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी गाळात रुतून बसलेले असतात. एल्बो कापून पाहिला तर मीठ, काजळी आणि गंज यांचे थर एकावर एक चढलेले दिसतात. जिथून अंगठा सहज जायला हवा तिथे करंगळीही अडते. धुराला वाट उरत नाही, इंजिन तापते, शक्ती कमी होते.

पण एवढ्यावरून जनरेटर निकाली काढू नये. पंप, एल्बो आणि हीट एक्स्चेंजर बदलता येतात. खरा निर्णय तीन तपासण्यांवर घ्यावा: सिलिंडरचे कॉम्प्रेशन, अल्टरनेटरच्या वाइंडिंगची मेगरने घेतलेली इन्सुलेशन चाचणी आणि सुट्या भागांची उपलब्धता. धूरही बरेच सांगतो. काळा धूर अति भाराचा किंवा अपुऱ्या हवेचा, निळा तेल जळत असल्याचा. पांढरा न जळालेल्या डिझेलचा किंवा आत शिरलेल्या पाण्याचा. सिलिंडरमध्ये खारे पाणी जाऊन गंज धरला असेल, वाइंडिंग जळाले असेल किंवा त्या मॉडेलचे भागच मिळत नसतील, तर नवा जनरेटर घेणेच स्वस्त पडते. मुंबईच्या दारुखान्यात भंगारात निघालेल्या जहाजांवरची जुनी यंत्रे मिळतात, पण त्यांनाही याच तीन कसोट्या लावाव्यात.

नवा जनरेटर जुन्याच आकड्याचा मागवणे ही सर्वांत नेहमीची चूक. आधी बोटीवरचा भार मोजावा. समजा एक टनाचे दोन एसी मिळून अडीच किलोवॉट घेतात, चार्जर 0.8, मायक्रोवेव्ह 1.3, फ्रिज 0.2, दिवे आणि टीव्ही 0.3. सगळे एकदम चालले तर बेरीज 5.1 किलोवॉट होते. एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढतो, म्हणून इथे सात ते आठ किलोवॉटचा जनरेटर योग्य. खरेदी करताना केव्हीए आणि किलोवॉट यांची गल्लत करू नये. पॉवर फॅक्टर 0.8 धरला तर 10 केव्हीए म्हणजे 8 किलोवॉट. शिवाय पत्रकातली शक्ती थंड हवेत मोजलेली असते. वैशाखात बंद इंजिन कप्प्याचे तापमान 45 अंशांच्या पुढे जाते आणि तेवढ्या प्रमाणात शक्ती घटते.

गरजेपेक्षा फार मोठा जनरेटरही वाईटच. रात्री एकच एसी आणि फ्रिज चालू असतील तर आठ किलोवॉटच्या यंत्रावर जेमतेम पाचव्या भागाचा भार पडतो. डिझेल इंजिन असे तासन्‌तास हलक्या भारावर चालले की डिझेल पुरते जळत नाही, सिलिंडरवर काजळी धरते आणि नवे इंजिन अकाली म्हातारे होते. म्हणून मध्यम जनरेटरच्या जोडीला लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवण्याची पद्धत वाढते आहे. 48 व्होल्ट, 200 अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे साडेनऊ युनिट वीज साठवते. त्यातली 80 टक्के वापरली तरी एक टनाचा एसी सहा तासांच्या आसपास चालतो आणि रात्र शांत जाते.

अमेरिकेतून आलेल्या जुन्या बोटींवर आणखी एक अडचण असते. तिथली वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची. आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. तिथला चार पोलचा जनरेटर मिनिटाला 1800 फेरे घेतो, इथला 1500. जनरेटर इथल्या मापाचा घेतला तर बोटीवरची उपकरणे, चार्जर आणि ब्रेकर यांचाही विचार त्याच वेळी करावा लागतो. 3000 फेऱ्यांचे जनरेटर लहान आणि हलके असतात, पण आवाज जास्त करतात. जुना जनरेटर पेट्रोलवर चालणारा असेल तर नवा डिझेलचाच घ्यावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये साचते आणि एका ठिणगीने पेटते.

जनरेटर बाहेर काढणे हे ताकदीपेक्षा मापांचे काम आहे. आठ किलोवॉटचे यंत्र दोनशे किलोंच्या पुढे जाते आणि अनेक बोटींत ते आधी बसवून डेक नंतर चढवलेला असतो. म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी हॅचची लांबी-रुंदी आणि वाटेतली प्रत्येक अरुंद जागा मोजावी. गरज पडल्यास अल्टरनेटर इंजिनापासून वेगळा करून चेनब्लॉकने दोन खेपांत उतरवावा. कप्पा मोकळा झाला की तोच खरा मोका: कुजलेला पाया, जुने होज, कडक झालेले रबरी माउंट आणि पाणी आत घेणारे गंजलेले सीकॉक तेव्हाच बदलता येतात. डिझेलची टाकीही साफ करावी, कारण तळाशी साचलेले पाणी आणि चिकट गाळ नव्या फिल्टरला आठवड्यात चोंदवतात.

जोडणीत सर्वांत जास्त लक्ष धुराच्या नळीवर हवे. नव्या यंत्राला जाड नळी लागत असेल तर जुनी वापरू नये. पाणी धुरात मिसळण्याची जागा पाण्याच्या पातळीजवळ असेल तर सायफन तोडणारा व्हॉल्व्ह उंचावर बसवावाच. नाहीतर बंद इंजिनात समुद्र आपोआप शिरतो. इंजिन सुरू होत नसताना स्टार्टर फिरवत राहिल्यानेही तेच होते. अशा वेळी सीकॉक आधी बंद करावा. विजेच्या बाजूने एकच नियम पक्का पाळावा: किनाऱ्याची वीज आणि जनरेटर कधीही एकत्र जोडले जाऊ नयेत. त्यासाठी चेंजओव्हर स्विच असतो.

जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धूर मागच्या बाजूने पुन्हा केबिनमध्ये ओढला जातो. झोपण्याच्या प्रत्येक केबिनमध्ये या वायूचा अलार्म हवा. जागा आणि पैसे वाचवण्यासाठी डेकवर जमिनीवरचा पोर्टेबल जनरेटर ठेवून रात्र काढणे जिवावर बेतू शकते.

या कामाला पावसाळ्यासारखा दुसरा हंगाम नाही. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, गेटवे ते मांडवा फेऱ्याही थांबतात आणि दिवाळे कोळीवाड्यात होड्या ओढून शाकारल्या जातात. सहलीची बोटही त्याच दिवसांत वर घ्यावी. यंत्रात केलेल्या बदलाची नोंद बोटीच्या कागदपत्रांत करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावे.

शेवटी खाडीचा विचार. ठाणे खाडीचा पट्टा 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 साली त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. जुन्या जनरेटरचे काळे तेल बिल्जमधून या पाण्यात सोडण्याचा हक्क कोणालाही नाही. ते डब्यात भरून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे. मग नव्या जनरेटरच्या पहिल्या चाचणीचे व्होल्ट, हर्ट्झ, तापमान आणि तासांचा आकडा हॅचच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवावा. पुढच्या बिघाडाला मेकॅनिक सर्वांत आधी तेच आकडे शोधेल.